दर वेळी भरणारी मीच का?

वाचकाचं पत्र:

मावशी, मी चौतीस वर्षांची. सहा वर्षं झाली स्टुटगार्टला, सॉफ्टवेअरचं काम करते. लग्न केलेलं नाही. 2025 च्या पगारपट्टीवर वर 6,200 युरो दिसतात, हातात 3,770 च्या आसपास येतात. त्यातही मूल नाही म्हणून वेगळी कपात आहेच. परवा ऑफिसच्या स्वयंपाकघरात कॉफी घेताना एक सहकारी मला म्हणाला, "आपण दोघं नेट्टोत्सालर. बाकीचे आपल्या जिवावर." घरी येऊन त्या शब्दाचा अर्थ नीट वाचला, घेतो त्याहून जास्त भरणारा, तेव्हापासून तो डोक्यातून जात नाही.

त्याच रात्री दादाचा फोन आला, हप्त्याची आठवण द्यायला. सांगली जिल्ह्यात आमच्या गावी घर बांधलंय, त्याचा 38,000 रुपयांचा हप्ता चार वर्षं मीच भरतेय. दुकान बसेपर्यंत भर, असं ठरलं होतं. कर्ज बाबा आणि दादाच्या नावावर, घरही त्यांच्याच. गावच्या देवळाच्या जीर्णोद्धाराला दादानं आमच्या घरातर्फे 21,000 जाहीर केले आणि नंतर मला कळवलं. दिवाळीला गेले तर बॅग ठेवायला जागा नाही. वरच्या खोलीत दुकानाचा माल. वहिनी म्हणाली, "तुम्ही काय, आठ दिवसांच्या पाहुण्या." आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेला झालं तेव्हा दादा होता, हे मान्य. पण पैसे माझेच होते ना?

इथे सरकारला जास्त भरायचं, तिथे घराला जास्त भरायचं. मी मूर्ख आहे का? पैसे पाठवणं बंद करू, की जर्मनीच सोडू?

एक नेट्टोत्सालर

मावशीचं उत्तर:

अगं पोरी,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. पहिल्या दोन वेळा ते मला कराबद्दलचं पत्र वाटलं. तिसऱ्या वेळी मात्र बॅगेपाशी थांबले. स्टुटगार्टहून निघालेली, दोन विमानं आणि एक रात्रीची बस करून आलेली बॅग, आणि ती टेकवायला तू हप्ते भरलेल्या घरात चार फूट जागा नाही. दुखणं तिथलं आहे. पण तू शब्दापासून सुरुवात केलीस, तर मीही तिथूनच करते. कारण तो शब्द तुला ज्यानं दिला, त्यानं अर्धाच दिला.

"नेट्टो" जर्मनीत इटलीच्या व्यापाऱ्यांच्या भाषेतून आला. मूळ अर्थ स्वच्छ, म्हणजे सगळी वजावट करून उरलेलं. "त्सालेन" म्हणजे पैसे भरणं. दिलं किती, घेतलं किती, आणि वजाबाकी करून ज्याच्या बाजूला देणं जास्त उरतं तो नेट्टोत्सालर. उलट बाजूचा तो नेट्टोएम्फेंगर, घेणारा. आपल्याकडे याच्या जवळ जाणारा शब्द आहे तो "पोशिंदा". पण दोन्ही शब्दांच्या पोटात किती वेगळं आहे बघ. पोशिंदा म्हटलं की समोरचा माणूस आदरानं बघतो. नेट्टोत्सालर म्हटलं की वही उघडते. तुझ्या सहकाऱ्यानं तुला पोशिंदा म्हटलं असतं तर तुला झोप लागली असती.

हा शब्द आधी माणसांसाठी नव्हेच, देशांसाठी वापरात होता. युरोपीय संघाच्या अर्थसंकल्पात कोण किती घालतो आणि कोणाला किती परत मिळतं, या भांडणात तो रुळला. 1984 साली फॉन्तेनब्लोच्या बैठकीत मार्गारेट थॅचर यांनी ब्रिटनसाठी सूट मिळवली, ती याच हिशेबावर. जर्मनी तर वर्षानुवर्षं सगळ्यांत मोठा भरणारा. तिथली वर्तमानपत्रं आपल्या देशाला "युरोपचा खजिनदार" म्हणतात, कधी अभिमानानं, कधी कुरकुरत. आणि हाच देश 1953 साली लंडनमध्ये हात पसरून बसला होता. युद्धाआधीच्या आणि नंतरच्या त्याच्या कर्जांपैकी जवळजवळ निम्मं कर्ज धनको देशांनी त्या करारात सोडून दिलं. त्या देशांनी तेव्हा वजाबाकी करून पाठ फिरवली असती, तर आज तू ज्या शहरात नोकरी करतेस ते वेगळं दिसलं असतं.

देशाच्या आतही तेच. जर्मनीतली श्रीमंत राज्यं गरीब राज्यांना पैसे देतात. तुझं बाडेन-व्युर्टेम्बर्ग कायम देणाऱ्यांत. शेजारचं बव्हेरिया आज सगळ्यांत मोठं देणारं, एकूण रकमेतला अर्ध्याहून जास्त वाटा त्याचा, आणि हे जास्त होतं म्हणून 2023 साली ते जर्मनीच्या घटना न्यायालयात गेलं. पण 1950 पासून 1986 पर्यंत हेच बव्हेरिया घेणाऱ्यांच्या रांगेत होतं. छत्तीस वर्षं घेतलं, मग देऊ लागलं. कोणत्या वर्षी वही उघडलीस यावर कोण भरणारा आणि कोण घेणारा हे ठरतं. तुझ्या सहकाऱ्यानं तुझी वही उघडली ती तुझ्या चौतिसाव्या वर्षी. तू धडधाकट आहेस, एकटी आहेस, चांगलं कमावतेस. याच वयात माणूस घेतो त्याहून जास्त भरतो. पाचव्या वर्षी कोणी भरत नाही आणि ऐंशीव्या वर्षीही फारसं कोणी भरत नाही.

आता तुझी पगारपट्टी समोर घे. खरंच घे, हातात धर.

वरून साधारण 2,430 युरो जातात. त्यातला कर 1,170 च्या आसपास. उरलेले 1,260 हा कर नाही, विमा आहे. हा फरक सहा वर्षांत तुला कोणी समजावला नाही असं पत्रावरून दिसतं. निवृत्तिवेतनाचे 577 आहेत, तेवढेच तुझी कंपनी तुझ्या नावानं वेगळे भरते, ते तुझ्या कागदावर दिसतही नाहीत. आरोग्याचे 470 च्या घरात. बेकारीचे 81. म्हातारपणी कोणी आंघोळ घालायला, उठवायला, भरवायला लागलं तर त्यासाठीचे 132.

या शेवटच्या ओळीतच तुझ्या मनातली ती मूल नसल्याची कपात आहे, 0.6 टक्के, म्हणजे तुझ्या बाबतीत महिन्याला 33 युरो. ती 2005 पासून आहे. तिथल्या घटना न्यायालयानं 2001 मध्ये म्हटलं होतं की जे मुलं वाढवतात ते पुढचे वर्गणीदार तयार करतात, म्हणून त्यांना आणि बिनमुलांच्यांना एकाच मापानं मोजणं बरोबर नाही. त्यामागचा विचार मला कळतो. पण ती ओळ वाचताना एकट्या बाईच्या पोटात काय होतं, तेही मला कळतं, आणि कायद्यानं ते बघितलेलं नाही. आणखी एक गोष्ट त्या वहीत नाही. तुझं बालवाडीपासून इंजिनिअरिंगपर्यंतचं शिक्षण महाराष्ट्रात झालं. जर्मनीला तू तयार होऊन मिळालीस, बावीस-तेवीस वर्षांचा खर्च न करता. त्या हिशेबानं तू त्यांना कागदावर दिसतेस त्याहून जास्त देऊन बसली आहेस. सहकाऱ्याला हे अवश्य सांग.

निवृत्तिवेतनाचं मात्र नीट समजून घे. जर्मनीत 1957 पासून पद्धत अशी की आज कमावणारे आज म्हाताऱ्या झालेल्यांना देतात. तुझे 577 कुठल्या तिजोरीत तुझ्या नावानं पडून नाहीत, ते या महिन्यातच कुठल्यातरी आजीच्या खात्यात गेले. पण त्याची नोंद तुझ्या नावावर गुणांमध्ये होते. सरासरी पगाराला वर्षाचा एक गुण, तुझ्या पगाराला जवळजवळ दीड. जुलै 2025 मध्ये एका गुणाचे महिन्याला 40.79 युरो ठरले. म्हणजे या एका वर्षाच्या कामानं तू सदुसष्टाव्या वर्षापासून जन्मभर मिळणारे, त्या दरानं महिन्याला सुमारे 60 युरो जोडलेस. तुझी पाच वर्षं कधीच भरली आहेत, त्यामुळे हक्क पक्का झालाय. आणि 1 मे 2017 पासून भारत आणि जर्मनीत सामाजिक सुरक्षेचा करार लागू आहे, तू गावी येऊन राहिलीस तरी हे पैसे तिथे येतील. पाच वर्षं झाली आणि वय सत्ताविसाच्या पुढे गेलं की निवृत्तिवेतन खात्याचं एक पत्र दर वर्षी घरी येतं. तुलाही आलं असणार. कुठल्या खणात टाकलंस ते शोध.

तू म्हणशील, मावशी हिशेब सांगतात. तर आता हिशेबाबाहेरचं सांगते.

मी जर्मनीतल्या हेसन राज्यात एकोणीस वर्षं काढली. पहिली काही वर्षं मीही तुझ्यासारखीच, महिनाअखेर कागद बघून जीव चुटपुटायचा. गोळीसुद्धा कधी घ्यावी लागली नव्हती, कोणाच्या आजारपणाचे पैसे मी भरतेय असं वाटायचं. मग 2009 च्या हिवाळ्यात बर्फावरून पाय घसरला आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं. दवाखान्यात मी स्वतः काय भरलं, तर दिवसाला 10 युरो. पहिले सहा आठवडे कंपनीनं पूर्ण पगार दिला, त्यानंतर आरोग्य विम्यानं मूळ पगाराच्या सत्तर टक्के. पाच महिने. पुढे तीन आठवडे एका डोंगरातल्या पुनर्वसन केंद्रात ठेवलं. तिथे एक मुलगी रोज सकाळी माझा पाय धरून मोजायची, आइन्स, त्स्वाय, द्राय, आणि मी रडत रडत उचलायचे. माझ्या खोलीत बस चालवणारी एक बाई होती. तिच्या पगारातून माझ्याहून खूप कमी कापलं जायचं. तिलाही तेच ऑपरेशन, तीच मुलगी, तेच आइन्स, त्स्वाय, द्राय. मला त्या तीन आठवड्यांत एकदाही वाटलं नाही की माझ्या वाट्याचं हिनं खाल्लं. उलट वाटलं, बरं झालं हिलाही मिळालं.

त्या सहकाऱ्यानं पुन्हा काढलंच, तर वाद घालू नकोस. एवढंच म्हण की तू आजारी पडलास तर मी भरीन, मी पडले तर तू भर. त्याला हे पटायला हरकत नसावी. आणि "बाकीचे आपल्या जिवावर" म्हणताना त्याच्या मनात नेमके कोण होते, ते एकदा नीट ऐक. तुझ्यासारख्या बाहेरून आलेल्या मुलीला पंगतीत घेऊन दुसऱ्या बाहेरून आलेल्यांना उठवायचं, असं बोलणं मी तिथे खूप ऐकलंय. त्या पंगतीत बसू नकोस.

तू सांगली जिल्ह्यातली म्हणून मला एक गोष्ट आठवली, ती लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझे वडील मुंबईत कारकून होते. 1975 नंतर त्यांच्या पगाराच्या चिठ्ठीवर एक नवी ओळ आली, व्यवसाय कर. रक्कम लहान, पण आमच्या घरात तेव्हा शाळेच्या वह्याही मोजून घ्यायचे. वडील पहिल्या महिन्यात चिठ्ठी आईसमोर ठेवून म्हणाले, आता हे आणखी एक. तो कर कशासाठी होता माहीत आहे? रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदारांकडून घ्यायचं आणि गावाकडे जो काम मागेल त्याला काम द्यायचं. ती कल्पना तुमच्याच जिल्ह्यातल्या वि. स. पागे यांची. 1972 च्या दुष्काळात ती राज्यभर उभी राहिली आणि पुढे तिचा कायदा झाला. माझे वडील त्या अर्थी नेट्टोत्सालर. त्यांनी कधी कुदळ हातात धरली नाही, त्या योजनेचा एक रुपया आमच्या घरात आला नाही.

तू तुझ्या गावाचं नाव लिहिलं आहेस. छापत नाही, पण तो दुष्काळी पट्टा मी ओळखते. तुझ्या आजीला विचार, असेल तर. नसेल तर बाबांना विचार, की बहात्तर साली आणि नंतर घरातलं कोण खडी फोडायला जायचं, सुकडी कोण आणायचं, गावाला येणारा रस्ता कोणाच्या हातांनी झाला. त्या रस्त्यावरून एसटी आली आणि त्या एसटीनं तू कॉलेजला गेलीस. माझ्या वडिलांचे ते थोडे रुपये त्या खडीत असतील, आणि मला आज तुझं पत्र वाचताना त्याचा फार आनंद झाला.

म्हणून सरकारच्या वहीबद्दल माझं म्हणणं असं की तू तिथे भरतेस ते भर, आणि डोकं शांत ठेवून भर. फक्त गबाळेपणानं जास्त भरू नकोस. सहा वर्षांत तू कराचं विवरणपत्र एकदाही भरलं नाहीस असं पत्राच्या शेवटी, इथे न छापलेल्या भागात, ओझरतं लिहिलं आहेस. ते वाचून मी कपाळाला हात लावला. पगारदाराला मागच्या चार वर्षांचं विवरणपत्र आपणहून भरता येतं. जे भरतात त्यांतल्या बहुतेकांना परतावा मिळतो आणि तो सरासरीनं हजार युरोंच्या वर जातो. चौथं वर्ष 31 डिसेंबरला हातातून जाईल. हा महिना त्यात घाल.

आता घराची वही. मला जास्त काळजी तिची आहे.

सरकारनं तुझ्याकडून जे घेतलं त्याचा दर महिन्याला कागद दिला. कशासाठी, किती टक्के, कुठल्या नियमानं, सगळं लिहिलेलं. चिडायला तरी काहीतरी हातात आहे. घरी चार वर्षांत 18 लाखांवर रक्कम गेली आणि एक ओळ कुठे लिहिलेली नाही. तू दादाच्या खात्यात पाठवतेस, तो हप्ता भरतो, बँकेच्या दृष्टीनं कर्ज दादा फेडतोय. गावाच्या दृष्टीनं घर दादानं बांधलं. कदाचित आता दादाच्या दृष्टीनंही दादानंच बांधलं. त्याला मी चोर म्हणत नाही. लिहिलेलं नसलं की माणसाला तसं खरंच वाटायला लागतं.

आणि "दुकान बसेपर्यंत" ही मुदत. जर्मनीत 1991 साली एकीकरणाच्या खर्चासाठी एक अधिभार आला, एका वर्षापुरता म्हणून. 1995 पासून तो पुन्हा आला, 2021 पासून बहुतेकांचा सुटला, पण जास्त कमावणाऱ्यांच्या मागे तो अजून आहे. ज्या देण्याला शेवटची तारीख नसते ते देणं असंच चालत राहतं, मग घेणारा कितीही सज्जन असो. दुकान बसलं की नाही हे कोण ठरवणार? ज्याचं दुकान आहे तोच.

पण थांब, तुझ्यावरही माझा एक राग आहे. आईच्या ऑपरेशनचं तू अर्ध्या ओळीत उरकलंस. "दादा होता, हे मान्य." गुडघ्याच्या ऑपरेशनला मिरजेच्या दवाखान्यात जो असतो तो काय काय करतो, सांगू? रात्री खुर्चीत बसून झोपतो. भांडं देतो. नर्सशी भांडतो, औषधाच्या दुकानात रांगेत उभा राहतो, आईला पहिलं पाऊल टाकायला लावताना तिचा ओरडा खातो. दुकान बंद ठेवून. आणि घरी आल्यावर पुढचे दोन-तीन महिने आईला उठबस करवणारी कोण? तुला पाहुणी म्हणणारी तुझी वहिनीच. त्या वहीत नेट्टोत्सालर ते दोघं आहेत आणि घेणारी तू आहेस. तुला माझं हे लागेल, पण "पैसे माझेच होते ना" हे वाक्य तुझ्या सहकाऱ्याच्या वाक्याचं सख्खं भावंड आहे.

दोन्ही वह्या एकदम उघडायच्या. तुझी एकटीची उघडलीस तर भांडण होईल, त्यांची एकट्याची उघडली तर तू रडत परत जाशील.

पैसे एकदम बंद करू नकोस. चार वर्षं चाललेला हप्ता अचानक थांबला की कर्ज थकेल, ते बाबांच्याही नावावर आहे. त्यांना या वयात बँकेचा माणूस दारात बघायला लावू नकोस. पण तारीख सांग. अमुक महिन्यापर्यंत पूर्ण, त्यापुढे वर्षभर निम्मा, त्यानंतर दुकानानं. आणि तोपर्यंतचा हप्ता बँकेला विचारून थेट कर्जाच्या खात्यात तुझ्या नावानं भर. दादाच्या खात्यातून नको. आधीच्या चार वर्षांच्या पाठवण्यांचे उतारे तुझ्या बँकेकडून काढून एका फाइलला लाव. कोर्टात जायचं म्हणून नाही. तुझ्याच डोळ्यांना तो आकडा एकदा दिसला पाहिजे, आणि बाबांच्याही.

घरात नाव हवं असेल तर तेही मोकळेपणानं माग. परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकाला राहतं घर नावावर घ्यायला आडकाठी नाही. महाराष्ट्रात वडिलांनी मुलीला राहत्या घरातला आपला हिस्सा बक्षीसपत्रानं दिला तर मुद्रांक शुल्क 200 रुपये आहे, नोंदणीचा आणि स्थानिक अधिभाराचा खर्च वेगळा. घरावर कर्ज आहे म्हणून बँकेची संमती लागेल आणि कागद वकिलानंच करायचे. लेकीनं माहेरच्या घरात नाव मागितलं की गावात कुजबुज होते, ती होऊ दे. तू वडिलोपार्जित काही हिसकावत नाहीस, आपण फेडलेल्या घरात आपलं नाव मागते आहेस.

आई-बाबांच्या खर्चाचे पैसे मात्र वेगळे काढ. महिन्याची जी रक्कम ठरेल ती थेट आईच्या बँक खात्यात, दादाच्या हप्त्यात मिसळायची नाही. आईच्या हातात तिचे स्वतःचे पैसे असणं याचं मोल मी तुला सांगायला नको. शिवाय जर्मनीत परदेशातल्या आई-वडिलांना पोसण्याचा खर्च करात काही मर्यादेपर्यंत दाखवता येतो. भारतासाठी ती मर्यादा तिथल्या नागरिकाच्या एक चतुर्थांश धरतात, 2025 साठी माणशी सुमारे 3,000 युरो. त्यांचं स्वतःचं उत्पन्न जवळजवळ नसलं पाहिजे, त्याचा ठरावीक नमुन्यातला दाखला लागतो, आणि 2025 पासून रोख दिलेलं चालत नाही, बँकेतूनच गेलं पाहिजे. भावाच्या घराचा हप्ता यात बसत नाही. म्हणजे तू चार वर्षं पाठवलेल्या पैशाचं तिथल्या कराच्या दृष्टीनं काहीच झालं नाही. हेही तुला कोणी सांगितलं नसणार.

देवळाचे 21,000 देऊ नकोस. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ही म्हण आपल्याकडे उगाच नाही. दादानं जाहीर केले, दादा देईल. तुला देवाला द्यायचं असेल ते तू तुझ्या हातानं, तुला वाटेल तेवढं, दर्शनाला जाशील तेव्हा दे. या एका गोष्टीत मात्र माघार घेऊ नकोस, कारण पुढची पाच वर्षं तुझ्या पगारातून काय काय जाहीर होईल ते यावर ठरेल.

जर्मनी सोडायची का, असं विचारलंस. सोडायची असेल तर आईजवळ राहायचं म्हणून सोड, तिथला अंधारा नोव्हेंबर सोसवत नाही म्हणून सोड, इथे तुला करावंसं वाटणारं काम मिळालं म्हणून सोड. पगारपट्टीवर रागावून सोडू नकोस. आणि या घरात परत यायचं तर आधी बॅग ठेवायची जागा झाली पाहिजे.

फोन रविवारी सकाळी कर, तुझ्याकडे सात वाजता, म्हणजे बाबा न्याहारी करून ओसरीवर असतील. दादाला आधी नको. आधी बाबांशी बोल. पहिलं वाक्य पैशाचं नको. आईचं ऑपरेशन झालं तेव्हा दादा-वहिनीनं जे केलं ते मी नीट बोलूनही दाखवलं नाही, असं म्हण. ते तुला खरंच वाटत असेल तरच म्हण, आणि मला वाटतं तुला ते वाटतं, नाहीतर तू ती अर्धी ओळ लिहिलीच नसतीस. मग म्हण, बाबा, मला हप्त्याबद्दल बोलायचंय, दादालाही बोलवा, वहिनीलाही बसवा. फाइल जवळ ठेव. तारीख सांग. आवाज चढला तर थांब, पुढच्या रविवारी पुन्हा कर.

वहिनीला वेगळा फोन कर. ती त्या घरात दिवसभर असते, मालाच्या खोक्यांना ठेच लागते ती तिला. तो माल दुसरीकडे हलवायला तिच्याइतकं उत्सुक कोणी नसेल. तिला सांग की पुढच्या दिवाळीला मी आठ नाही, पंधरा दिवस येणार आहे, आणि वरच्या खोलीला रंग कोणता द्यायचा ते आपण दोघी मिळून ठरवू.

तुझी,
मावशी